आठवड्यात सात, लुगड्यात नऊ : श्लेषाची शोधसूत्रे कशी सोडवावीत?

शब्दकोडे सोडवणाऱ्या वाचकांची एक अडचण पुन्हा पुन्हा कानावर येते. ‘कमळ’ दिले की पंकज, अंबुज, नीरज पटापट सुचतात. ‘कोकणातील एक नदी’ म्हटले तरी फार वेळ लागत नाही. पण मध्येच ‘आठवड्यात सात, लुगड्यात नऊ (२)’ असे काही आले की पेन्सिल तिथेच थांबते. ‘हे आम्हाला जमणारे नाही, भाषेचा अभ्यास लागतो,’ असे म्हणून अनेक जण त्या चौकटी कोऱ्याच सोडतात.

अभ्यास लागतो, पण तो तुमच्याकडे आहे. ‘वार’ हा शब्द तुम्हाला येतो, नऊवारी साडीही माहीत आहे. अडते ते दोन्ही एकत्र आठवण्यापाशी. ते कसे करायचे हे इथे क्रमाने सांगतो. कोडेकार जी ओळ देतो तिला कुणी सूचना म्हणतात, कुणी संकेत. मी शोधसूत्र म्हणेन. कंसातला आकडा चौकटींचा. सगळी उदाहरणे या लेखासाठी मुद्दाम तयार केली आहेत.

चित्र बाजूला ठेवा, तुकडे पाडा

पुढचे शोधसूत्र घ्या.

*शिंपी ठेवतो, आई करते, संन्यासी टाळतो (२)*

वाचताक्षणी डोळ्यांपुढे शिंप्याचे दुकान येते. सुई, दोरा, कात्री, गज. मग आईपाशी आलात की स्वयंपाकघर. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि आपण वैतागतो. कोडेकाराला हेच हवे असते. त्याने तीन वेगळ्या अर्थांना एका ओळीत बसवून त्यांचे एक चित्र केले आहे. ते चित्र मोडायचे.

स्वल्पविरामापाशी ओळ कापा आणि सगळ्यांत सोपा तुकडा आधी घ्या. तो पहिलाच असतो असे नाही. ‘आई करते’ यात दोन अक्षरांचे काय काय बसेल? काम, लाड, माया, सेवा, जप. ‘संन्यासी टाळतो’ यात? मोह, माया, संग, लोभ. दोन्ही यादीत असलेला शब्द एकच आहे, माया. आता अवघड तुकड्याकडे या. शिंपी माया ठेवतो का? ठेवतो. पोलके शिवताना शिलाईच्या आत बोटभर जास्तीचे कापड सोडतात, पुढे अंग भरले तर उसवून सैल करता यावे म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला मायाच म्हणतात. तिसरा तुकडा जुळला की उत्तराबद्दल शंका उरत नाही.

क्रम असा ठेवा:

1. स्वल्पविराम, ‘आणि’, ‘तर’, ‘की’ यांपाशी शोधसूत्र कापा.
2. सोप्या तुकड्यासाठी चार-पाच शब्द समासात लिहा. मनात ठेवू नका, कारण मन पहिल्या शब्दालाच चिकटून बसते.
3. दुसऱ्या तुकड्यासाठी तसेच करा आणि दोन्ही यादींत सामाईक काय ते पाहा.
4. उरलेल्या तुकड्यात शब्द घालून वाक्य मोठ्याने म्हणा. ‘शिंपी माया ठेवतो.’ कानाला खटकले नाही तर चौकटीत लिहा.
5. काहीच जुळले नाही तर आडवा-उभा जाणारा शब्द सोडवून एक अक्षर मिळवा. दोन अक्षरी शब्दात एक अक्षर मिळाले म्हणजे निम्मे काम झाले.

चौथी पायरी बरेच जण गाळतात. ‘नदीचे ते, धनुष्याचा तो (२)’ याला ‘काठ’ लिहून मोकळे होतात, कारण पहिला तुकडा जुळला. धनुष्याला काठ नसतो. एक तुकडाही लोंबकळत राहिला तर ते उत्तर नव्हे. इथे ‘तीर’ हवे: नदीचे ते तीर, धनुष्याचा तो तीर.

लिंग आणि प्रयोग काय सांगतात ते ऐका

मराठी शोधसूत्रातली सर्वांत मोठी मदत इथे आहे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही इथेच होते. आपल्या भाषेत शब्दाचे लिंग लपवून ठेवणे कोडेकाराला जड जाते. विशेषण, षष्ठीचा प्रत्यय, भूतकाळाचे क्रियापद, कुठे ना कुठे ते बाहेर येते.

*मोत्यांचा, पावसाची (२)*

‘चा’ आणि ‘ची’! म्हणजे उत्तराचा शब्द एका अर्थी पुल्लिंगी आणि दुसऱ्या अर्थी स्त्रीलिंगी आहे. असे शब्द मराठीत मोजके आहेत, त्यामुळे शोध एकदम आखूड होतो. उत्तर ‘सर’. याच जातीचे आणखी काही शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

- तो हार फुलांचा, ती हार पराभवाची
- तो माळ ओसाड, ती माळ गळ्यातली
- तो पाठ पुस्तकातला, ती पाठ अंगाची
- तो वार आठवड्याचा किंवा तलवारीचा, ती वार बाळंतपणातली

‘शाळेत तो वाचायचा, ओझे तिच्यावर घ्यायचे (२)’ असे आले तर ‘तो’ आणि ‘ती’ या दोन सर्वनामांवरून तुम्ही थेट ‘पाठ’पर्यंत जाऊ शकता.

मग चतुर कोडेकार लिंग लपवतो कसे? कर्तरी प्रयोग वापरून. पुन्हा मायेचे शोधसूत्र पाहा. ‘ठेवतो’ हे रूप शिंप्यावरून आले, ‘करते’ आईवरून, ‘टाळतो’ संन्याशावरून. उत्तराच्या लिंगाचा पत्ताच लागत नाही. तेच जर ‘शिंप्याने ठेवली, आईने केली, संन्याशाने टाळली’ असे कर्मणीत दिले असते तर स्त्रीलिंगी शब्द हवा हे लगेच कळले असते आणि ‘मोह’, ‘लोभ’ यादीतून गळाले असते. म्हणून नेम असा करा: भूतकाळाचे क्रियापद दिसले की त्याचे शेवटचे अक्षर तपासा. ‘ला’ असेल तर पुल्लिंगी, ‘ले’ असेल तर बहुधा नपुंसकलिंगी एकवचन किंवा पुल्लिंगी अनेकवचन. ‘ली’ दिसल्यावर मात्र लगेच स्त्रीलिंगी ठरवू नका. ‘पाने मांडली’, ‘कामे केली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचनातही ‘ली’च येते. तिथे उत्तर ‘पाने’ असेल, ‘पान’ नव्हे.

नाम मागितले आहे की आज्ञा?

काही शब्द नामही असतात आणि क्रियापदाचे रूपही. ‘दोरी हाती आली की हे करा, पावसाळ्यात भरून वाहतो (२)’ याचे उत्तर ‘ओढा’. पहिल्या अर्ध्यात आज्ञा, दुसऱ्यात नाला. ‘मार’, ‘चाल’, ‘वाट’, ‘कर’, ‘धाव’ हे याच घरातले. शोधसूत्रात ‘हे करा’, ‘असे सांगा’, ‘हुकूम’ असे शब्द आले की आज्ञार्थ मनात आणा.

‘धाव’ या शब्दावर मला थोडे थांबावेसे वाटते. पूर्वी मला त्याचे दोनच अर्थ ठाऊक होते, पळणे आणि क्रिकेटमधली धाव. एका शेतकरी गृहस्थांनी बोलता बोलता सांगितले, की बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तीही धाव आणि मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून जातात तीही धावच. म्हणजे ‘चाकावर चढते, विहिरीवर बैलांना लागते, फलंदाजालाही लागते (२)’ असे शोधसूत्र सहज होते. मोटा गेल्या, लाकडी चाके गेली, शब्द कोड्यांत आणि कोशांत राहिले. घरात सत्तरी ओलांडलेले, शेतीत वाढलेले कुणी असेल तर कोडे सोडवताना त्यांना शेजारी बसवा. कोशाआधी त्यांना विचारा.

आणखी एक गोष्ट उच्चाराची. च आणि ज ही अक्षरे आपण दोन प्रकारे उच्चारतो, लिहितो मात्र एकाच प्रकारे. ‘जरासा’मधला ज वेगळा, ‘जराजर्जर’मधला वेगळा. संख्येतला ‘चार’ वेगळा, ‘गुरांना गवत चार’ यातला वेगळा. मनातल्या मनात एकाच उच्चाराने वाचले तर दुसरा अर्थ सुचतच नाही. शब्दात च किंवा ज असेल तर दोन्ही उच्चार करून पाहा.

क्रियापदांची माळ आली तर वाक्प्रचार आठवा

*सोसतात, काढतात, दाबतात (२)*

इथे एकही नाम दिलेले नाही. तीन क्रियापदे आहेत आणि तिन्हींच्या आधी तोच शब्द बसायला हवा. कळ सोसतात, कुणाची कळ काढतात, यंत्राची कळ दाबतात. ‘पाहतात, लावतात, चुकतात (२)’ म्हणजे वाट. ‘देतात, डोलवतात, शेवटी टाकतात (२)’ म्हणजे मान. अशा वेळी अर्थ शोधत बसू नका. क्रियापद दोन-तीनदा पुटपुटा, जोडीचा शब्द जिभेवर आपोआप येतो. ज्यांच्या घरात मराठी दिवसभर बोलली जाते त्यांना हा प्रकार सर्वांत सोपा जातो.

वहीत टिपून ठेवण्याजोगे शब्द

दोन-तीन अक्षरी, अनेक अर्थांचे शब्द कोडेकारांना फार उपयोगी पडतात, कारण ते कुठेही बसतात. त्यामुळे तेच तेच परत येतात. एका वहीत ते लिहीत गेलात तर काही महिन्यांत फरक दिसेल. सुरुवातीला एवढे पुरेत:

- कर : हात, किरण, सरकारी कर, हत्तीची सोंड
- अंक : आकडा, नाटकाचा भाग, मासिकाचा अंक, मांडी
- पद : पाय, हुद्दा, गाण्याची रचना
- पट : बुद्धिबळाचा, शाळेचा, वस्त्र
- वर : नवरामुलगा, देवाचे देणे, ‘खाली’च्या उलट
- गार : थंड, आकाशातून पडणारी, चकमकीची
- नग : पर्वत, दागिना किंवा मोजायची वस्तू
- पय : पाणी, दूध
- कनक : सोने, धोत्रा
- हरी : विष्णू, सिंह, माकड, घोडा, बेडूक

‘द्विज’सारख्या शब्दामागचे कारण कळले तर तो पाठ करावा लागत नाही. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. पक्षी आधी अंडे, मग पिल्लू. दात दुधाचे पडून पुन्हा येतात. मुंजीला दुसरा जन्म मानतात, म्हणून ब्राह्मणही द्विज.

आणि माझा आवडता शब्द ‘कर्ण’. ‘काटकोन त्रिकोणात सर्वांत मोठा, कुंतीचाही सर्वांत मोठा (२)’. कान हा तिसरा अर्थ वापरावाच लागला नाही.

श्लेष आहे की अक्षरांची मोडतोड?

प्रत्येक वाकडे शोधसूत्र श्लेषाचे नसते. ‘उलटला’, ‘परतला’, ‘डोके गेले’, ‘शेपूट तुटली’, ‘पोटात’ असे शब्द दिसले तर अर्थ शोधणे थांबवा आणि अक्षरांकडे पाहा. ‘सूर्य उलटला, योद्धा झाला (२)’ यात रवी उलट वाचला की वीर. ‘नदी उलटी वाहिली, गरीब झाली (२)’ म्हणजे दीन. ‘कमळाचे डोके गेले, घाण उरली (२)’ म्हणजे मळ. जोडणीही असते: ‘पहिला सूर चांदणीला भेटला, जिल्हा झाला (३)’ म्हणजे सा आणि तारा, सातारा. मराठीत उलटताना अक्षर मात्रेसकट उलटते, हे विसरू नका. ‘रवी’मधली वेलांटी ‘वी’सोबतच जाते.

चौकटी मोजताना होणाऱ्या चुका

- जोडाक्षराला एकच चौकट. ‘द्विज’ दोन अक्षरी, ‘पुस्तक’ तीन अक्षरी.
- रफार पुढच्या अक्षराचा. ‘कर्ण’ म्हणजे ‘क’ आणि ‘र्ण’. दोनच चौकटी.
- अनुस्वाराला वेगळी चौकट नाही. ‘अंक’ दोन अक्षरी.
- ऱ्हस्व-दीर्घ बदलले की शब्दच बदलतो. पिक म्हणजे कोकिळ, पीक शेतातले. शिर म्हणजे डोके, शीर रक्ताची. दिन म्हणजे दिवस, दीन गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, शिवाय सारथी. कर्ण सूतपुत्र होता आणि कुंतीसुतही, एवढे ध्यानात ठेवले तर या जोडीत गोंधळ होणार नाही.

जुन्या दिवाळी अंकांतली कोडी सोडवत असाल तर आणखी एक काळजी घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. त्यांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. त्याआधीच्या कोड्यात ‘कवि’, ‘हरि’, ‘गुरु’ असे ऱ्हस्व सापडेल. ती कोडेकाराची चूक नाही.

कोश कधी आणि कसा उघडावा

निदान एक यादी समासात लिहून झाल्यावरच. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. त्यांत एकच शब्द अनेकदा वेगवेगळ्या नोंदींत येतो. पहिली नोंद वाचून बंद करू नका, कारण तुम्हाला हवा असलेला अर्थ तिसऱ्या-चौथ्या नोंदीत असू शकतो. नोंदीच्या सुरुवातीला पु., स्त्री., न. असे लिंग दिलेले असते, ते शोधसूत्रातल्या ‘चा-ची-चे’शी ताडून पाहा. संस्कृत शब्दांसाठी अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग पाहावा. तो सबंध वर्ग अनेक अर्थांच्या शब्दांचाच आहे.

सोडवणारे म्हणून तुमचे हक्क

श्लेष म्हणजे फसवणूक नव्हे. कोडेकाराने चकवावे, पण खोटे सांगू नये. पुढील गोष्टींची अपेक्षा तुम्ही हक्काने करू शकता:

- शोधसूत्राचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खरा असावा. ‘साधारण जवळपास’ चालणार नाही.
- अक्षरसंख्या बिनचूक असावी आणि ऱ्हस्व-दीर्घ आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत एकच असावे.
- दोन उत्तरे सारखीच बसत असतील तर छेदणाऱ्या शब्दाने त्यांतले एक ठरवून द्यावे.

दुसऱ्या दिवशी छापलेले उत्तर पटले नाही तर संपादकांना पत्र लिहा. नेमका कोणता तुकडा जुळत नाही ते लिहा, कोशातला अर्थ द्या.

प्रवेशशुल्क घेऊन मोठे बक्षीस देणाऱ्या कोड्यांबाबत मात्र जपून राहा. स्वातंत्र्यानंतरच्या काळात अशा कोड्यांचे पेव फुटले होते. मुंबई राज्यासह काही राज्यांच्या ठरावावरून संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. एका महिन्यातल्या बक्षिसांची एकूण किंमत हजार रुपयांच्या वर जाऊ नये, त्याखालीही परवाना लागावा आणि प्रवेशिका दोन हजारांपेक्षा जास्त नसाव्यात, अशी बंधने त्यात आहेत. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही बंधने जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना लागू आहेत, कौशल्याच्या स्पर्धांना नाहीत. तुमच्यासाठी कसोटी सोपी आहे. शोधसूत्राला ‘मान’ आणि ‘दान’ दोन्ही सारखेच लागू पडत असतील, छेदणारे अक्षर काही ठरवत नसेल आणि उत्तर आयोजकाच्या बंद पाकिटात असेल, तर तिथे तुमच्या भाषेची परीक्षा नाही, नशिबाची आहे. अशा ठिकाणी पैसे भरू नका.

सरावासाठी सहा

1. तराजूत दुकानदार करतो, पुस्तकात मुले वाचतात (२)
2. डोंगरात गाड्या चढतात, नदीकाठी लोक उतरतात (२)
3. माकड उलटे झाले, शेत भरून आले (२)
4. भात वाढायला घेतात, कुस्तीत टाकतात (२)
5. नाटकाला तीन, दिवाळीला एक (२)
6. झाडाला असते ते, माणसाला लागते ती (२)

पुढच्या ओळी झाकून ठेवा आणि निदान दहा मिनिटे द्या.

उत्तरे: १. धडा (भांड्याचे वजन वजा करण्यासाठी तराजूत करतात तो). २. घाट. ३. पीक (कपी उलटा). ४. डाव (वाढायची मोठी पळी). ५. अंक. ६. खोड. सहावे अडले असेल तर ‘ते’ आणि ‘ती’ पुन्हा एकदा पाहा.